‘आणि साथीदार’

आमच्या घरात भीमगीतांची एक जुनी कॅसेट आहे, १९९६ सालची. तिच्या वेष्टनावर गायकाचा फोटो आहे, कवीचे नाव आहे, संगीतकाराचे नाव आहे, कंपनीचे नाव तर दोन ठिकाणी आहे. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत छापले आहे : ‘आणि साथीदार’. त्या साथीदारांत माझे थोरले चुलते आहेत. त्यांनी त्या कॅसेटमध्ये बेंजो वाजवला. कल्याणजवळच्या एका कारखान्यात ते कायम कामगार होते. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांनी खाडा केला, संध्याकाळी बिदागी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर झाले. कॅसेट पुढे कितीतरी जयंत्यांना वाजली. काकांना त्यानंतर काही मिळाले नाही आणि आपल्याला काही मिळायला हवे, असे त्यांच्याही मनात आले नाही. पाहुण्यांना आमची आजी त्या दोन शब्दांवर बोट ठेवून सांगायची, “हे आमच्या पोराचं नाव.” आजीला वाचता येत नव्हते.

प्रस्तुत लेख त्या दोन शब्दांविषयी आहे. दिवसा नोकरी आणि रात्री वाजवणे असे जगणाऱ्या आपल्या वस्त्यांतल्या कलावंतांची स्थिती काय आहे, चित्रपटाचे गाणे त्यांच्याकडून काय घेते, आणि कायदा त्यांना काय देतो, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम बेंजो पार्टी म्हणजे काय ते पाहू. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात राहणाऱ्याला ती सांगावी लागत नाही. हळद असो, गणपतीचे आगमन असो, नवरात्र असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, टेम्पोवर जनरेटर आणि भोंगे, पुढे ढोल, ताशा, पॅड, कॅसिओ, आणि या सगळ्यांवर सूर धरणारा बेंजो. पार्टीतली मुले एकाच चाळीतली किंवा एकाच नगरातली असतात. वाद्ये हप्त्याने घेतलेली असतात. काम मिळते त्याला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारी ठरवणारा ‘मास्टर’ इसार घेतो आणि रात्री उशिरा हिशोब करून वाटणी करतो. टेम्पोचे भाडे, डिझेल आणि वाद्याची दुरुस्ती वजा जाऊन जे उरते त्यात घर चालत नाही. म्हणून यातला प्रत्येक जण दिवसा दुसरे काही तरी करतो.

हे वाद्य मुळात जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे तारवाद्य तयार केले. एका लाकडी पेटीवर तारा ताणायच्या आणि स्वर दाबण्यासाठी टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवायची, अशी त्याची रचना. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची. आपल्या देशात ते ‘बुलबुल तरंग’ झाले, कव्वालीत शिरले, भीमगीतांत आले आणि मुंबईच्या चाळींत ‘बेंजो’ या नावाने रुळले. पुढे पोरांनी त्याला विजेचा पिकअप लावला आणि भोंग्याला जोडले. तेव्हापासून त्याचा आवाज गिटारसारखा करकरीत निघू लागला. रॉक संगीतात जे काम विजेची गिटार करते तेच काम आमच्या मिरवणुकीत बेंजो करतो.

या वाद्याची एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ते कुणाच्याही बलुत्यात नव्हते. गावगाड्यात वाजवणे हे काम होते, कला नव्हती. हलगी, डफडे, सनई कुणी वाजवायची हे जन्माने ठरलेले होते. पाटलाच्या दारात लग्न असले की मांगाने आणि महाराने वाजवायचे, आणि मांडवाबाहेर बसून उरलेले खायचे. त्याला मजुरी म्हणत नसत. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीन लेखली जाणारी कामे टाकून देण्याचे आवाहन केले. १९५६ च्या धर्मांतराने त्या नकाराला पाया मिळाला, आणि महार वतनासह कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. आमच्या आजोबांनी हलगी खुंटीला टांगली ती अशा नकारातून. म्हणूनच काकांनी बेंजो हातात घेतला तेव्हा आजोबा चिडले होते. “शहरात येऊन पुन्हा वाजवायलाच लागलास का?” असे त्यांनी विचारले होते. काकांचे उत्तर घरात अजून सांगतात : “आबा, हे वाजवायला मला कोणी सांगितलेलं नाही. मीच वाजवतो, आणि पैसे ठरवून वाजवतो.”

या उत्तरात सगळा फरक आहे. गावाची हलगी सक्तीची होती. बेंजो निवडीचा आहे. हलगीला बलुते होते. बेंजोला ठरलेली बिदागी आहे. वाद्याला जात राहिली नाही. मात्र वाजवणाऱ्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांतली जात गेलेली नाही. डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली आणि पुढे ती प्रथा गावोगाव गेली. त्या यात्रेत ढोलताशांची पथके असतात. त्यांतील तरुण-तरुणी शिकलेले, नोकरदार असतात, हौसेने वाजवतात, आणि त्यांच्या वाजवण्याला वर्तमानपत्रे ‘संस्कृती’ म्हणतात. त्याच रस्त्यावरून आठ दिवसांनी बेंजो पार्टी गेली की तिला ‘धांगडधिंगा’ म्हणतात. दोघेही ढोलच बडवतात. एकाला पैशांची गरज नाही म्हणून ती सेवा ठरते, दुसऱ्याचे त्यावर अर्धे पोट आहे म्हणून तो गोंगाट ठरतो. कलेची किंमत कलावंताच्या गरजेवरून उलटी ठरवण्याचा हा हिशोब जुनाच आहे.

आता थोडे बाहेर पाहू. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस तरुणांच्या काही वाद्यवृंदांनी मोठ्या कंपन्यांकडे पाठ फिरवली. लंडनचे ‘रफ ट्रेड’, मँचेस्टरचे ‘फॅक्टरी’ अशा छोट्या स्वतंत्र प्रकाशनसंस्थांनी १९७८ पासून त्यांच्या तबकड्या काढल्या. स्वतंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप करून या संगीताला ‘इंडी’ म्हणू लागले. हे वाजवणाऱ्यांत काही कामकरी वस्त्यांतले होते आणि काही नोकऱ्या करणारे होते. ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाचा गायक इयन कर्टिस सरकारी रोजगार केंद्रात अपंगांना काम मिळवून देण्याचे काम करीत असे. रात्री गाणे आणि सकाळी कचेरी. त्या केंद्रात येणाऱ्या एका स्त्रीची व्यथा त्याच्या एका प्रसिद्ध गाण्याचा विषय झाली. १९८० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. २००७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला आणि त्या चित्रपटाच्या गाण्यांचा संग्रहही निघाला. नोकरी, स्वतंत्र गाणे आणि शेवटी चित्रपटाचा संग्रह, असा हा क्रम तिकडेही दिसतो.

आपल्याकडे ‘इंडी’ हा शब्द आता महाविद्यालयांच्या महोत्सवांत ऐकू येतो. विद्यार्थ्यांना तो नवा वाटतो. पण कंपनीच्या आश्रयाशिवाय, स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या माणसांसाठी गाणे ही गोष्ट आंबेडकरी जलशांनी १९३० च्या दशकातच करून दाखवली होती. वामनदादा कर्डकांनी गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत काम केले, फिरून चिक्की विकली. वाचायला ते तरुणपणी मुंबईत शिकले आणि पुढे आयुष्यभर लिहीत-गात राहिले. अण्णा भाऊ साठ्यांनी गिरणी पाहिली, हमाली पाहिली. यांच्या गाण्यावर कंपनीचा शिक्का नव्हता. दिवसाच्या कामाने त्यांना दमवले हे खरे. परंतु त्याच कामाने एक गोष्ट दिली : गाणे विकायला लागू नये इतपत भाकरी. ज्याची चूल गाण्यावर पेटत नाही तो गाण्यात काय म्हणायचे हे स्वतः ठरवू शकतो.

ज्यांची चूल गाण्यावरच पेटत होती त्यांचा मार्ग वेगळा होता. कल्याणच्या शिंदे घराण्याकडे पाहा. मंगळवेढ्याकडून आलेले प्रल्हाद शिंदे गाण्यावरच जगले. त्यांनी भीमगीते गायली, विठ्ठलाची गाणी गायली, कव्वाल्या गायल्या. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटचा काळ आला तेव्हा आनंद शिंदे यांचा आवाज पोपटाच्या गाण्याने घराघरांत गेला. आदर्श शिंदे २०१३ च्या ‘दुनियादारी’त गायले. रस्त्यावरून कॅसेटकडे आणि कॅसेटकडून चित्रपटाकडे असा हा तीन पिढ्यांचा प्रवास आहे. आपल्यातले काही जण प्रल्हाद शिंद्यांना देवाची गाणी गायल्याबद्दल बोल लावतात. हा बोल लावणाऱ्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत असतो, हे तो विसरतो. मीही अनेक वर्षे विसरलो होतो.

म्हणजे कलावंताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न शेवटी कामगाराच्या स्वातंत्र्याशी येऊन भिडतो. काकांच्या पिढीला कायम नोकरी होती. पाळी ठरलेली, हक्काची रजा, भविष्यनिर्वाह निधी, आणि पार्टीसाठी पाळी बदलून देणारा सहकारी. भीमगीतांच्या कॅसेटमागे रेल्वेच्या, गिरणीच्या, नगरपालिकेच्या अशा कायम नोकऱ्या उभ्या होत्या. वेष्टनावर त्यांचे नाव कधी आले नाही, पण खरे आश्रयदाते तेच. आज वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी कचेऱ्यांच्या इमारती आहेत. आंबिवलीजवळचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. आता बेंजो वाजवणारा मुलगा भिवंडीच्या गोदामात कंत्राटावर असतो, सुरक्षारक्षक असतो, नाहीतर मोटारसायकलवरून पार्सले पोचवतो. त्याला रजा नाही. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, दोन खाडे म्हणजे जागा गेली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहानंतर भोंगा बंद, म्हणून सुपारी संध्याकाळी लवकर सुरू होते आणि गोदामाची पाळी नेमकी त्याच वेळी असते. दिवसाच्या कामाने रात्रीच्या कलेला पोसण्याचा काळ सरत चालला आहे. आता दोन्ही कामे एकमेकांचा घास काढतात.

आणि अशा वेळी चित्रपट येतो. डोंबिवलीत वाढलेले दिग्दर्शक रवी जाधव यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. न्यूयॉर्कहून एक संगीतकार मुलगी मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बेंजोवाल्याला शोधत येते, अशी त्याची कथा आहे. त्या पार्टीतला एक जण वर्तमानपत्रे टाकतो, एक गॅरेजात काम करतो, नायक एका पुढाऱ्यासाठी वसुली करतो. दिवसाच्या कामाशिवाय बेंजोवाला दाखवता येत नाही, हे दिग्दर्शकाने ओळखले होते. आमच्या वस्तीतली पोरे हा चित्रपट पाहायला घोळक्याने गेली. चित्रपटाचे संगीत विशाल-शेखर यांचे. पडद्यावर नट बेंजो वाजवतो. ध्वनिमुद्रणात बोटे कुणाची होती, हे प्रेक्षकाला कळत नाही. हा दोष या एका चित्रपटाचा नाही. चित्रपटसंगीताची घडणच तशी आहे : गाणे ओळखले जाते ते नटाच्या, गायकाच्या, संगीतकाराच्या नावाने.

याच्या जवळच दुसरे उदाहरण ठेवता येईल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे मुलांच्या शिकवण्या घेऊन पोट भरतो आणि संध्याकाळी वस्तीत गातो. ही भूमिका करणारे वीरा साथीदार हे चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. त्यातली गाणी संभाजी भगत यांची, आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चळवळीचे गाणे चळवळीच्या नावानिशी पडद्यावर जाऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. प्रश्न नावाचा आहे.

आता कायद्याकडे येऊ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांना हक्क होते, वादकाला काहीच नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गाणाऱ्याच्या हक्काचे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क प्रथमच मान्य केला. काकांची कॅसेट निघाली तेव्हा त्या दुरुस्तीला दोन वर्षे झाली होती. आमच्या घरात कुणाला तिचा पत्ता नव्हता.

२०१२ ची दुरुस्ती याहून पुढे गेली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही कंपनीला लिहून देता येणार नाही, असे तिने ठरवले. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला. कायद्यातली कलावंताची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हे सगळे एका ओळीत आहेत. म्हणजे वर्गात बोलणारा मी आणि मिरवणुकीत बेंजो वाजवणारा माझा विद्यार्थी कायद्यापुढे एकाच पंक्तीत बसतो.

पण त्याच व्याख्येला एक परंतुक जोडले आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही दिले जात नाही, त्याला कलावंत मानायचे नाही. त्याची कला विकृत करून वापरली तर हरकत घेण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे राहतो, रॉयल्टीचा राहत नाही. हे परंतुक मी तीनदा वाचले. नाव छापले जात नाही ही ‘धंद्याची रूढी’ आहे, आणि ती रूढीच हक्क नाकारण्याचे एक कारण होऊ शकते! ज्या समाजाला रूढीने हजारो वर्षे बिननावाचे ठेवले त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मुख्य सूर धरणाऱ्या बेंजोवाल्याचे काम किरकोळ नाही, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो केलाच पाहिजे. परंतु नाव छापलेले असेल तर त्या युक्तिवादाची वेळच येत नाही. तेव्हा नाव मागणे ही हौस नाही. ती हक्काची पहिली पायरी आहे.

माझ्या वर्गात बेंजो वाजवणारा एक मुलगा आहे. सकाळी महाविद्यालय, दुपारपासून गोदाम, हंगामात सुपाऱ्या. त्याची हजेरी कमी भरली तेव्हा मी त्याला सुनावले, “हे वाजवणं सोड, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर.” बोलता बोलता मला जाणवले की, मी आजोबांचेच वाक्य बोलत होतो, फक्त शुद्ध मराठीत. पहिल्या पिढीचा पदवीधर आपल्या लोकांच्या हातातले वाद्य खाली ठेवायला सांगतो तेव्हा त्यात त्याची काळजी असते तशी लाजही असते. तो मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, एका स्टुडिओनं गाण्यासाठी बोलावलंय. नाव टाका म्हणून सांगायचं तर कुणाला सांगायचं?” मला उत्तर देता आले नाही. वर उल्लेखिलेला कायदा मी त्यानंतर वाचला.

आम्ही दोघांनी मग अर्ध्या पानाचा एक मराठी कागद तयार केला. त्यात वाजवणाऱ्याचे नाव, वाद्य, तारीख, बिदागी, कोणत्या कामासाठी वाजवले, आणि ‘गाणे जेथे प्रसिद्ध होईल तेथे वादकाचे नाव दिले जाईल’ एवढे एक वाक्य. त्या स्टुडिओने सही केली नाही आणि दुसऱ्याला बोलावले. मुलाची त्या दिवसाची बिदागी गेली. त्याची जबाबदारी माझ्यावर आहे, हे मी नाकारत नाही. पुढे दुसऱ्या एका लहान ध्वनिमुद्रणात मात्र सही मिळाली. दोन प्रयत्नांतून नियम काढता येत नाही, पण एक गोष्ट दिसते. एकटा मुलगा कागद पुढे करतो तेव्हा त्याला बदलता येते. कल्याण-डोंबिवलीतल्या सगळ्या पार्ट्यांनी एकच कागद पुढे केला तर कुणाकुणाला बदलणार?

हे काम कार्यकर्त्यांचे आहे, शिक्षकांचे आहे. वस्तीत जयंतीची वर्गणी जमवताना पार्टीशी बोली होते, तिथूनच सुरुवात करता येईल. मंडळाच्या पत्रकावर पाहुण्यांच्या नावांखाली वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापावे. आपणच आपल्या पत्रकात ‘बेंजो पार्टी’ एवढे लिहून मोकळे होत असू, तर चित्रपट कंपनीला कोणत्या तोंडाने विचारणार? विद्यार्थ्यांनी आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटी काढाव्यात, म्हाताऱ्या वादकांना विचारून साथीदारांची नावे लिहून घ्यावीत. ही माणसे एकेक करून जात आहेत.

काका आता थकले आहेत. मागच्या महिन्यात मी ती कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली आणि त्या दिवशी स्टुडिओत कोण कोण होते ते विचारले. त्यांनी पाच नावे सांगितली. ढोलकीवाला रेल्वेत होता, एक जण नगरपालिकेत, एक रिक्षा चालवायचा, एक भाजी विकायचा, आणि पाचवे ते स्वतः. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी न विचारता त्याची नोकरी सांगितली. मी सगळे लिहून घेतले आणि तो कागद कॅसेटच्या डबीत घालून ठेवला.